हरवलेल्या दीडशे फेऱ्या

इंजिनाच्या जोरावर चाकं फिरवून धावणाऱ्या गाड्यांत सगळ्यात झपाट्याने वेग घेते ती अमेरिकेतली 'टॉप फ्युएल' वर्गाची ड्रॅगस्टर. उभ्या जागेवरून ताशी 160 किलोमीटरचा वेग गाठायला तिला पुरता एक सेकंदही लागत नाही. हजार फुटांची, म्हणजे 305 मीटरची सरळ पट्टी ती पावणेचार सेकंदांच्या आत संपवते आणि पट्टी संपते तेव्हा ती ताशी 530 किलोमीटरच्या आसपास असते. 2019 साली पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगच्या पट्टीवर ब्रिटनी फोर्स हिने हे अंतर 3.623 सेकंदांत कापलं. हे वाक्य मोठ्याने वाचून बघा, तेवढ्यात तिची शर्यत संपलेली असते.

पण मला या गाडीचं वेड लागलं ते तिच्या वेगामुळे नाही. तिला गिअरबॉक्स नसतो, यामुळे.

आपल्या साध्या स्प्लेंडरला चार गिअर असतात. एस.टी. घाटाच्या पायथ्याशी आली की चालक खालचा गिअर टाकतो, हे लहानपणापासून आपण कानाने ऐकत आलो आहोत. शून्यापासून ताशी 80 पर्यंत जायला जिथे चार-पाच गिअर लागतात, तिथे शून्यापासून 530 पर्यंत जाणाऱ्या गाडीला एकही बदलता गिअर नाही. इंजिन, क्लच आणि मागच्या अ‍ॅक्सलवरची क्राऊन-पिनियनची एकच ठरलेली जोडी. इंजिनाच्या 3.2 फेऱ्यांना चाकाची एक फेरी. बस्स. हे चालतं कसं, याचा छडा लावायला गेलो आणि पॉवर आणि टॉर्क या दोन शब्दांबद्दल जे मला कळलं आहे असं वाटत होतं, ते पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागलं.

टॉर्क म्हणजे पीळ. चाकाचा नट गच्च बसला की पंक्चरवाला पान्याला पाइप जोडतो आणि त्याच्या टोकावर उभा राहतो. त्याचं वजन तेवढंच असतं, पाना लांब झाला की पीळ वाढतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण 100 ग्रॅमचं वजन टांगलं तर नटाला जो पीळ बसतो, तो जवळजवळ एक न्यूटन-मीटर. रॉयल एनफील्डच्या 350 सीसी क्लासिकचं इंजिन 27 न्यूटन-मीटर देतं, म्हणजे मीटरभर पान्याला पावणेतीन किलो. टॉप फ्युएलचं इंजिन 9,800 च्या घरात देतं. त्याच पान्याच्या टोकाला एक अख्खी वॅगन-आर टांगा आणि वर दोन माणसं बसवा, एवढा तो पीळ.

पण नुसत्या पिळाने काम होत नाही. नट हललाच नाही तर पंक्चरवाला दिवसभर पाइपवर उभा राहिला तरी चाक निघणार नाही. पीळ आणि फिरणं दोन्ही हवं, आणि एका मिनिटात किती फिरणं, हेही हवं. तिथे पॉवर येते. 1780 च्या दशकात जेम्स वॉटला आपलं वाफेचं इंजिन विकायचं होतं आणि गिऱ्हाइकं घोडे वापरणारी होती. आपल्याकडे तेलाच्या घाण्याला बैल फिरायचा, तसा तिकडे गिरणीला घोडा फिरत असे. वॉटने हिशेब मांडला: घोडा 12 फूट त्रिज्येच्या वर्तुळात फिरतो, तासाला 144 फेऱ्या मारतो आणि 180 पौंडांची ओढ लावतो. गुणाकार करून आकडा ढोबळ केला की मिनिटाला 33,000 फूट-पौंड येतात. ती झाली एक अश्वशक्ती. या हिशेबात ओढही आहे आणि फेऱ्याही आहेत. आजही सूत्र तेच: न्यूटन-मीटरला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा आणि 7,120 च्या आसपासच्या आकड्याने भागा, हॉर्सपॉवर येते. 9,800 गुणिले 8,000 भागिले 7,120. उत्तर अकरा हजार. टॉप फ्युएलची ताकद एवढीच सांगतात.

आता चहाच्या टपरीवरचा जुना वाद घ्या. क्लासिकवाला म्हणतो, माझ्या गाडीला 27 चा टॉर्क आहे, तुझ्या यामाहा आर-वन-फाइव्हला जेमतेम 14, तिला पुलिंग कुठलं? आकडे त्याचे बरोबर आहेत. पण पॉवर बघा. क्लासिक सुमारे 20 हॉर्सपॉवर देते, 6,100 फेऱ्यांना. यामाहा 18 च्या थोडं वर देते, 10,000 फेऱ्यांना. रस्त्यावर दोघी एकाच वेगाने चालल्या आहेत आणि दोन्ही इंजिनं आपापल्या पूर्ण पॉवरला आहेत असं धरा. यामाहाचं इंजिन दीडपटीहून जास्त फिरतंय, म्हणजे तिच्या गिअरांनी तेवढी जास्त घट केली आहे, आणि जेवढी घट तेवढा पीळ वाढतो. मागच्या चाकाशी हिशेब केला तर टॉर्कमधली जवळजवळ दुपटीची तफावत उरते दहा टक्क्यांची, म्हणजे दोघींच्या पॉवरमध्ये जेवढी आहे तेवढीच. वर यामाहा पन्नासेक किलोंनी हलकी. कमी फेऱ्यांना, खालच्या वेगात, गिअर न बदलता आरामात ओढण्याचं सुख क्लासिकचंच आहे आणि ते खोटं नाही. पण शर्यत लागली तर टॉर्कचा मोठा आकडा हातात धरून जिंकता येत नाही.

गिअरबॉक्स हा सुटे देणारा दुकानदार आहे. शंभराची नोट द्या, दहाच्या दहा नोटा घ्या. नोटा वाढल्या, पैसे तेवढेच. पहिल्या गिअरमध्ये चाकाचा वेग कमी होतो आणि पीळ वाढतो, वरच्या गिअरमध्ये उलट. पॉवर मात्र गिअरने कधीही वाढत नाही. उलट दुकानदार थोडी दलाली घर्षणाच्या रूपाने कापूनच घेतो. मला वाटतं पॉवर-टॉर्कचा सगळा गोंधळ या एका गोष्टीत मिटतो: टॉर्क सुटे करून वाढवता येतो, पॉवर येत नाही.

मग ड्रॅगस्टरला सुटे नकोत का? नकोत. आणि कारण आकडेमोडीत उघड दिसतं. गाडीचं वजन चालकासकट एक टनाच्या थोडंच वर. इंजिनाचा पीळ 9,800, क्राऊन-पिनियनने तो 3.2 पट झाला की अ‍ॅक्सलवर 31,000 च्या पुढे गेला. मागचं चाक तीन फूट व्यासाचं. भागाकार केला तर चाकाने जमिनीला दिलेला रेटा निघतो गाडीच्या वजनाच्या साडेसहा पट. रबर जमिनीला कितीही चिकटलं तरी सुटण्याच्या क्षणी एवढं पेलू शकत नाही. पट्टीवर चिकट द्रव फवारलेला असतो, शर्यतीआधी टायर जागच्या जागी फिरवून, धूर काढून गरम केलेले असतात, धुराड्यांची तोंडं वर वळवलेली असतात म्हणजे ज्वाळांच्या प्रतिक्रियेने गाडी खाली दाबली जाते. एवढं करून सुरुवातीला वजनाच्या चारपट रेटा धरला तरी मोठी गोष्ट. आधीच जास्त झालेला पीळ आणखी वाढवणारा पहिला गिअर घेऊन ती काय करणार?

इथे अजून एक गंमत आहे, आणि ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी आकडे तीनदा तपासले. पॉवर म्हणजे रेटा गुणिले वेग. गाडी ताशी 36 किलोमीटरला असताना चारपट रेटा द्यायला लागते जेमतेम साडेपाचशे हॉर्सपॉवर. इंजिनात अकरा हजार आहेत आणि त्या क्षणी चाकाला चालतात साडेपाचशे! तोच रेटा ताशी 360 ला टिकवायचा तर साडेपाच हजार लागतात, वर हवा कापायला लागतात त्या वेगळ्या. म्हणजे सुटताना हॉर्सपॉवरचा डोंगर जवळजवळ निरुपयोगी असतो, तेव्हा राज्य असतं रबराच्या पकडीचं. आणि जसजसा वेग वाढतो तसतशी एकेक हॉर्सपॉवर कामाला लागत जाते.

तेव्हा अडचण आपल्या नेहमीच्या अडचणीच्या उलटी आहे. पीळ कमी पडत नाही, इंजिनाला हळू फिरणं जमत नाही. ताशी 36 ला, चाकाशी घट्ट जोडलेलं असतं तर, इंजिन मिनिटाला पावणेसातशे फेऱ्या मारत असतं. या इंजिनाची नुसती उभ्याने धडधड चालते तीच दोन हजारांच्या वर. ते तिथेच बंद पडेल. म्हणून मधे क्लच घसरवावा लागतो.

किती घसरवावा लागतो, याचा एक ढोबळ हिशेब मी कागदावर केला, तुम्हीही करू शकाल. 305 मीटर जायला चाक साधारण 98 फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीमागे इंजिनाच्या 3.2, म्हणजे इंजिनाने जवळपास 314 फेऱ्या मारायला हव्यात. पण इंजिन मिनिटाला सरासरी साडेसात हजार फेऱ्यांनी 3.7 सेकंद चाललेलं असतं. त्या होतात 460 च्या पुढे. उरलेल्या दीडशे फेऱ्या गेल्या कुठे? थोड्या टायर घसरण्यात गेल्या. बाकीच्या क्लचमध्ये जळाल्या.

क्लच घसरणं हे गिअरचं काम नव्हे, हे नीट लक्षात घ्यायला हवं. गिअर सुटे देतो, क्लच पैसे जाळतो. घसरत्या क्लचच्या दोन्ही बाजूंना पीळ सारखाच असतो, एक बाजू जोरात फिरते, दुसरी हळू, आणि मधली सगळी पॉवर उष्णता होऊन जाते. आपल्या गाडीत असं कोणी केलं तर मेकॅनिक रागावेल. पण ज्या गाडीकडे त्या क्षणी हजारो हॉर्सपॉवर वापराविना पडून आहेत, तिला ही उधळपट्टी परवडते.

हा क्लच जवळून बघण्यासारखा आहे. एकावर एक रचलेल्या पाच-सहा घर्षण-चकत्या, त्यांच्यामध्ये पोलादी चकत्या, आणि त्यांना दाबणारे वजनदार लिव्हर. इंजिन जेवढं जोरात फिरेल तेवढे लिव्हर बाहेर फेकले जातात आणि तेवढ्या चकत्या आवळल्या जातात. पण त्या एकदम आवळल्या गेल्या तर टायर सुटेल, म्हणून लिव्हरना टप्प्याटप्प्याने मोकळं सोडणारी यंत्रणा असते. सेकंदाच्या कितव्या भागात किती सोडायचं, हे शर्यतीच्या आधी घड्याळासारखं लावून ठेवायचं. धावताना चाकाकडे बघून निर्णय घेणारा संगणक नियमांना मंजूर नाही. चमूचा प्रमुख पट्टीवर हात ठेवतो, तिचं तापमान घेतो, हवेचा दाब बघतो, आणि पुढच्या चार सेकंदांचा अंदाज आधीच बांधतो. अर्ध्या वाटेच्या आसपास चकत्या पूर्ण आवळल्या जातात आणि तिथून पुढे इंजिन आणि चाक एकजीव. चालक गिअर बदलत नाही, त्याने अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबलेला असतो आणि गाडी सरळ ठेवायची असते. शर्यतीनंतर क्लच उघडला की आत काळी पूड भरलेली असते. त्या आपल्या हरवलेल्या फेऱ्या.

एवढी पॉवर येते कुठून, हे थोडक्यात सांगतो. इंजिन 8.2 लिटरचं, आठ सिलिंडरचं, वर हवा कोंबणारा सुपरचार्जर, आणि इंधन 90 टक्के नायट्रोमिथेन. एक किलो पेट्रोल जाळायला 14.7 किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असल्याने त्याला 1.7 किलो पुरते. किलोमागे त्याची ऊर्जा पेट्रोलच्या जेमतेम पाव आहे, पण तेवढ्याच हवेत ते साडेआठ पट ओतता येतं. गुणाकारात सव्वादोन पट पॉवर. टायर तापवण्यासकट एका धावेला 45 लिटरच्या आसपास इंधन जातं.

या गाड्यांना गिअर कधी नव्हतेच असं मात्र नाही. 1950 आणि 60 च्या दशकात टायर अरुंद होते, ते पट्टीभर धूर काढत फिरत, आणि घसरण्याचं जे काम आज क्लच करतो ते तेव्हा रबर करत असे. टायर रुंद आणि चिकट झाले, घसरणारा क्लच आला, आणि काहींनी दोन गिअरही बसवून बघितले. फ्लोरिडाचा डॉन गार्लिट्स त्यांतला एक. 8 मार्च 1970 रोजी कॅलिफोर्नियात लाँग बीचजवळच्या लायन्स पट्टीवर त्याचा दोन गिअरांचा गिअरबॉक्स सुटतानाच फुटला. तेव्हा इंजिन पुढे असे आणि चालक त्याच्या मागे, गिअरबॉक्सला पाय लावून बसलेला. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्सच्या उजव्या पावलाचा पुढचा भाग गेला. इस्पितळातल्या खाटेवर त्याने ठरवलं की आता इंजिन आपल्या पाठीमागे जाणार. मागे इंजिन असलेल्या गाड्या त्याआधीही काहींनी करून बघितल्या होत्या, पण त्या सरळ धावत नसत. गार्लिट्सच्या चमूला उमगलं की दोष स्टिअरिंगच्या गुणोत्तरात आहे. ते संथ केलं, चालकाच्या हाताच्या हालचालीला चाक कमी वळू लागलं, आणि गाडी रेषेत धावली. 1971 च्या सुरुवातीला पोमोनाची मोठी शर्यत त्याने त्याच गाडीने जिंकली. गुणोत्तर या एका शब्दाने त्याचा पाय घेतला आणि त्याच शब्दाने त्याला नवी गाडी दिली, असं मला ही हकिगत वाचताना नेहमी वाटतं. थोड्याच वर्षांत पुढे इंजिन असलेल्या टॉप फ्युएल गाड्या मोठ्या शर्यतींतून नाहीशा झाल्या. हजार फुटांचा नियमही अशाच एका दुःखातून आला. 2008 च्या जून महिन्यात न्यू जर्सीतल्या इंग्लिशटाऊनला स्कॉट कॅलिटा या चालकाचा अपघाती मृत्यू झाला, आणि तोवर पाव मैलाची, 1,320 फुटांची असलेली शर्यत या वर्गासाठी कमी केली गेली.

उलट टोकाला त्याच मैदानांवर धावणारा प्रो स्टॉक वर्ग आहे. तिथे इंजिन तेवढंच, 8.2 लिटरचं, पण सुपरचार्जर नाही, नायट्रोमिथेन नाही, आणि पॉवर टॉप फ्युएलच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. या गाडीला पाच गिअर लागतात, आणि साडेसहा सेकंदांत ते पाचही वापरून होतात. तिच्याकडे जाळायला फाजील काही नाही, म्हणून तिला प्रत्येक नोटेचे सुटे नेमके करून घ्यावे लागतात. लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत, तिथे धावणाऱ्या मोटरसायकलींचं गणितही याच बाजूचं. आपल्याकडे गल्लीतला मेकॅनिकसुद्धा पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करून पुलिंग वाढवतो. 14 चे 13 दात केले की चाकावरचा पीळ साडेसात टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, आणि प्रत्येक गिअरचा शेवटचा वेग जवळपास तेवढाच कमी होतो. दुकानदार कोणालाच फुकट देत नाही.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं. ड्रॅगस्टरला गिअर नाही असं मी म्हणालो ते पुरतं खरं नाही. एक आहे. तो रबराचा आहे.

मागच्या टायरमध्ये हवा अगदी कमी असते, सात पौंडांच्या आसपास. आपल्या मोटारीत तिशीच्या वर असते. टायरची बाजू पातळ आणि लवचीक. गाडी सुटते त्या क्षणी रिम फिरते, पण जमिनीला चिकटलेलं रबर मागे राहतं, आणि टायरच्या बाजूला ओल्या धोतराला पिळल्यासारख्या सुरकुत्या पडतात. टायर खाली बसतो. अ‍ॅक्सल जमिनीच्या जवळ येतो, चाक जणू लहान होतं, आणि लहान चाक म्हणजे खालचा गिअर. त्याच वेळी जमिनीला टेकलेला रबराचा पट्टा लांब होतो आणि पकड वाढते. सुरकुत्या चुकीच्या वेळी सुटल्या तर टायर थरथरू लागतो, इतका की चालकाला समोरचं धड दिसत नाही.

मग वेग वाढतो आणि केंद्रोत्सारी जोर रबराला बाहेर ओढू लागतो. टायर उंच आणि अरुंद होत जातो. सुरुवातीला 36 इंच व्यासाचा असलेला टायर शेवटी 44 इंचांच्या आसपास जातो. हिशेब करून बघा. ताशी 531 किलोमीटरला 36 इंची चाकासाठी इंजिनाला मिनिटाला 9,860 फेऱ्या माराव्या लागतील. एवढ्याला हे इंजिन टिकणार नाही. 44 इंची चाकासाठी पुरतात 8,060, म्हणजे जिथे त्याची पॉवर आहे नेमकं तिथे. 3.2 चं गुणोत्तर, क्राऊन-पिनियनच्या एकाही दाताला हात न लावता, 2.6 झालेलं असतं. या गिअरला ना दांडा आहे, ना दाते. त्याला मधल्या पायऱ्याही नाहीत, तो पहिल्या इंचापासून शेवटच्या फुटापर्यंत सलग बदलत राहतो.

टॉप फ्युएलच्या सुटण्याची संथगतीतली चित्रफीत इंटरनेटवर सहज मिळते. एकदा बघा. ज्वाळांकडे, इंजिनाकडे बघू नका, नजर मागच्या टायरवर ठेवा. पहिल्या सुरकुत्या पडतील तेव्हा तो त्या गाडीचा पहिला गिअर असेल.